वारेवरचं पाणी

आमचं जुनं घर उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. भिगवणच्या बाजूला पुण्या-मुंबईची माणसं होडीत बसून लांब पायांचे गुलाबी पक्षी बघायला येतात ना, त्याच पाण्यात आमची चूल आहे, गोठा आहे, आणि घरामागच्या परड्यातल्या एका दगडाखाली माझ्या पहिल्या लेकीची वार आहे.

वार म्हणजे बाळाच्या मागून पडते ती. पोटात असताना बाळाचं सगळं खाणंपिणं तिच्यातूनच चालतं. आमच्याकडं ती टाकून देत नसत. सुईण आणि सासू दोघी मिळून परड्यात खड्डा घ्यायच्या, हळदकुंकू वाहून पुरायच्या आणि वर एक सपाट दगड ठेवायच्या. मग बाळंतीण रोज त्याच दगडावर बसून न्हायची, म्हणजे अंगावरचं कढत पाणी झिरपून खाली वारेपर्यंत जायचं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या पाणी ओतता ओतता सांगायच्या, "वार उबीत ऱ्हायली की लेकरू उबीत ऱ्हातं. तिला गारठा लागू द्यायचा न्हाय." पुरुषमाणसाला ती जागा कधी दाखवत नसत. त्यानं विचारायचीही पद्धत नव्हती.

तिथंच घोळ झाला.

धरणासाठी गाव उठलं तेव्हा सगळ्यांनी देव उचलले, चौकटी काढल्या, दळायची जाती ट्रॉलीत घातली. आत्याबाई त्या वेळी माळेगावला, माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मी लेकीला घेऊन पहिल्याच ट्रॅक्टरनं नव्या जागी आलेली. मागं राहिले मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांना कुणीतरी सांगितलं, नातीची वार आहे तिथली माती तरी घेऊन चला. विचारणार कुणाला? भिडस्त माणूस. परड्यात गेले, एक दगड उचलला, खालची माती घमेल्यात भरली आणि वरून आपल्या फेट्याचं कापड झाकून मांडीवर धरून आणली. नव्या गावात उतरले तेव्हा तोंडावर केवढा आनंद.

आत्याबाई माळेगावहून आल्या आणि त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळून बघितली.

"आवं, ही म्हशीच्या खुट्ट्याखालची माती हाय."

"मग मला काय म्हाईत? कधी दाखवलं व्हतं का तुमी?"

"दगडावर बसून बायका न्हात्यात का म्हशी?"

"म्या कवा बघाय आलो?"

सगळे हसले. मीही हसले, लेक काखेत होती, तीही आमच्याकडं बघून हसली. मामंजींनी घमेलं बांधावर नेऊन ओतलं. परत जाऊन खरी माती आणावी असं बोलणं झालं, पण ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नंबराला होता, आणि तो मोकळा होईस्तोवर पाणी परड्याच्या वर गेलं होतं.

त्याच थंडीत लेक गेली. कशी गेली ते पुढं सांगते. ते मला सरळ सांगता येत नाही, नेहमी दुसऱ्याच बोलण्यातून येतं.

यंदाचं सांगते. माझा नातू डाळिंब आणि पेरू करतो, इंदापूरपासून लांब नाही. त्याची बायको सुप्याकडची, कोरडवाहू भागातली. काटक पोर. तिचे दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा सुरुवातीलाच गेले. दवाखान्यात पिशवी साफ करून यायची, आणि दुसऱ्या दिवशी बागेत. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "टिकलं न्हाय." एवढंच.

दुसऱ्यांदा गेलं त्यानंतर माझ्या बहिणीची नात भेटायला आली. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते, बाळंतपणातल्या दुखण्यांवरच. आम्ही बागेत पेरूला फोमच्या जाळ्या चढवत बसलो होतो. तीही बसली, पण तिच्या जाळ्या सारख्या निसटायच्या. नातसुनेनं विचारलं, "तुमी तिकडं नेमकं करता काय ओ, ताई?"

पोरगी सांगायला लागली. अंगातली प्रत्येक पेशी म्हणे बारीक बारीक बुडबुडे सोडत असते. डोळ्यांना दिसणार नाहीत, साध्या दुर्बिणीतूनही नीट दिसणार नाहीत इतके बारीक. "आणि ते रिकामे नसतात, आजी. आत निरोप भरलेला असतो. एका पेशीनं दुसऱ्या पेशीला धाडलेला."

"डब्यासारखा?" मी म्हटलं.

"कुठला डबा?"

मग मला डब्याचं सांगावं लागलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वालचंदनगरला कंपनीत होते, तिथंच खोली घेऊन राहायचे. मी सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं डबा द्यायची, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत यायचा. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, ते मी पुढं मुलाच्या पुस्तकांवरून शिकले. त्यामुळं काय सांगायचं ते डब्यातूनच. घरी कुणी पाहुणा आला असेल तर गोड. मी रुसले असेन तर मिरची जास्त. मुलाच्या वेळी दिवस राहिले तेव्हा कोरड्यासाच्या, म्हणजे भाजीच्या, वर मी चिंचेचं एक बुटूक ठेवलं होतं. संध्याकाळी डबा धुऊन आला, आत दोन पेढे.

"आन् बिनकोरड्यासाचा डबा कधी धाडला का?" नातसुनेनं विचारलं. गंमत म्हणून विचारलं तिनं.

एकदा धाडला होता. लेक तापली होती, दात वाजत होते, अंगावर वाकळांवर वाकळा घातल्या तरी ऊब धरत नव्हती. माझे हात कामात नव्हते. मी नुसत्या भाकरी बांधल्या, मीठसुद्धा ठेवलं नाही, आणि डबा गाडीत दिला. त्यांनी तो उघडला आणि मिळेल त्या गाडीनं आले. लेक त्यांच्या मांडीवर गेली. शेजारची बाई आत्याबाईंना विचारत होती, काय झालं गं. आत्याबाई म्हणाल्या, "गार पडली." मी आत होते, त्यांना वाटलं मला ऐकू आलं नसंल. जेमतेम चालायला लागलेली पोर होती. आत्याबाईंनी मला उभ्या जन्मात एका शब्दानं कधी दुखवलं नाही, पण ते दोन शब्द मी अजून ऐकते. थंडीत नळाचं पाणी हातावर पडलं की ऐकते.

नातसुनेनं पुढच्या पेरूला जाळी चढवली. मग पुण्याची पोरगी हळू आवाजात म्हणाली, "असेच डबे असतात, आजी. गर्भ पिशवीत रुजायच्या आधीच पिशवी त्याला धाडते, तो पिशवीला धाडतो. येऊ का, जागा आहे का, असं."

"आन् उत्तर गेलंच न्हाय तर?" नातसुनेनं मान वर न करता विचारलं.

पोरीनं निसटलेली जाळी उचलली. "तसं होत असेल कधी कधी. वहिनी, नक्की कुणालाच माहीत नाही. तेच शोधतोय आम्ही. आणि त्यात बाईचा दोष नसतो. बापाकडूनही डबे येतात."

"बापाचं पण असतं व्हय त्यात?" मी म्हटलं. "मला वाटलं बापाचं नुसतं आडनाव."

नातसून हसली. कितीतरी दिवसांनी. म्हणून मी आणखी विचारत राहिले, म्हटलं बोलणं चालू राहू दे. वारेचं काय, विचारलं. वार तर म्हणे सगळ्यांत जास्त धाडते. बाळंत होईपर्यंत आईच्या रक्तात तिचे डबे फिरत असतात, आईच्या अंगाला सांगत असतात की हे लेकरू परकं आहे पण त्याला मारू नको. आणि वारेला स्वतःला रक्त कमी पडलं की ती घाबरते, भलतेसलते डबे सोडते, मग आईचा बीपी चढतो, पाय सुजतात.

"बाळ झाल्यावर?"

"डबे थोड्या दिवसांत विरून जातात. पण बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात राहून जातात. कितीतरी वर्षं सापडतात."

"लेकरू गेलं तरी?"

"हो, आजी. तरी."

माझ्या हातातली जाळी तशीच राहिली. त्या दिवसापासून माझं मी एकटीनं बसणं बंद झालं. आंघोळीला बसले की वाटतं, पाणी दोघींवर पडतंय. हात-पाय गार झाले की वाटतं, हे माझं म्हातारपण का तिचं हीव? कुणाला सांगायचं हे. मुलगा म्हणेल डॉक्टरला दाखवू.

मग नातसुनेला तिसऱ्यांदा दिवस राहिले. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडं नाव घातलं. आधीची दोन गेली ती वेळ टळली आणि पोट दिसायला लागलं, तरी घरात कुणी त्याच्यावर बोलायचं नाही. बोललं तर जाईल अशी सगळ्यांना भीती. नातू पाळण्याच्या दुकानासमोरून गाडी जोरात नेतो, हे तिनंच मला सांगितलं.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं. दर वर्षी जातं, यंदा जास्त गेलं. जुनी जोती उघडी पडली. नातसून म्हणाली, "आजी, मला दावा की तुमचं परडं." मी म्हटलं, पोटुशी बाईनं तिकडं यायचं नाही, गाळ आहे. तिला गाळाचं कारण पटलं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. मी नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून गेले. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, शिंपल्या पायाखाली मोडत होत्या. आमचं जोतं ओळखू आलं ते उंबऱ्याच्या चिऱ्यावरून. मागं गेले. खुट्ट्याजवळचा दगड मामंजींनी उलटून टाकला होता तसाच उलटा. आणि पलीकडं तो सपाट दगड, अजून जागच्या जागी.

नातू लांब उभा राहिला. त्याला मी सांगितलं नव्हतं, तरी तो जवळ आला नाही. मी दगडाच्या कडेला हात लावला. माती तापलेली होती, चटका बसेल एवढी. मला बरं वाटलं. मग भेगेत बोट घातलं. बोटभर खाली माती ओली होती आणि गार.

घरी आल्यावर नातसुनेनं विचारलं, "सापडलं का?" मी म्हटलं, "न्हाय, गाळानं समदं बुजलंय." तिनं माझ्या बोटाकडं बघितलं, नखात काळा गाळ होता.

पावसाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. आधी चपला घट्ट व्हायच्या, मग बोटानं दाबलं की खड्डा राहायचा. बीपी वाढला. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर बघून सांगितलं की वारेकडं रक्त कमी जातंय, बाळ वाढतंय पण हळू, आता इथंच राहायचं. मी तिच्यासोबत दवाखान्यात राहिले. पुण्याची पोरगी तिथं रोज फोन करायची. आणि एके दिवशी स्वतः आली. डॉक्टरीणबाईंशी तिचं आधी बोलणं झालेलं होतं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाली, "वहिनी, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल. बाळ झाल्यावर वारेचा थोडा भाग आम्हाला अभ्यासाला द्याल?"

"काय करता त्याचं?" मी विचारलं.

"लगेच गोठवतो, आजी. बर्फापेक्षाही कितीतरी गार ठेवावं लागतं, तरच आतलं सगळं टिकतं."

 नातसून माझ्याकडं बघत होती. गाळाचं बोट ती विसरली नव्हती.

"आन् उरलेली?" मी विचारलं. "उरलेली आमाला द्याल का?"

ते पोरीनं बाहेर जाऊन विचारलं. दवाखान्याच्या नियमानं ती जाळायला जाते म्हणे. म्हणजे थोडी गोठवायची, थोडी जाळायची. पुरायला काही नाही.

पोरगी चहा आणायला गेली तेव्हा नातसून म्हणाली, "आजी, तुमी नगं म्हणला तर मी देणार न्हाय. खरंच."

"तुला द्यावं वाटतंय व्हय?"

ती पोटावर हात ठेवून पडली होती. "दोन गेली, आजी. त्यांचं कुणी काय ठिवलं न्हाय. कुणी बघितलंच न्हाय. एका बादलीत गेली. मी विचारलं का गेली, तर म्हणले, होतं असं. ह्या बाळाचं तरी कुणी नीट बघू द्या. काय लिव्हलेलं हाय आत, ते कुणीतरी वाचू द्या."

 माझी लेक का गेली हे मला आयुष्यभर दोन शब्दांत कळलेलं. तिसरा शब्द सांगायला कुणी आलं नाही. मी म्हटलं, "दे." आणि तिच्या पायांवरून हात फिरवत बसले, कारण तोंडाकडं बघितलं असतं तर तिला माझं भ्यालेलं कळलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी वाट बघितली नाही. दिवस भरायच्या बरंच आधी शिझर करून बाळ काढलं. मुलगी झाली. तिला मी काचेतून बघितलं, मुठीत मावेल असं डोकं, तळवे निळसर. मी सिस्टरला म्हटलं, "बाई, तिचे पाय गार हायती का?"

"पेटीत ऊब असते, आजी. काळजी करू नका."

तेवढ्यात जिन्यावरून पुण्याची पोरगी उतरताना दिसली. हातात निळा डबा, झाकणातून पांढरा धूर येत होता. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी पण हलवली. डबा गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मला एसटीच्या कंडक्टरचा हात आठवला, मी दिलेला डबा खिडकीतून घेणारा. माझ्या जुन्या परड्यातला दगड त्या दिवशी पुन्हा पाण्याखाली होता. वरच्या धरणांचं पाणी आलं होतं.

नातसुनेचा बीपी लगेच उतरला नाही. बाळाचं वजन एकदा वाढायचं, एकदा कमी व्हायचं. मला घरी पाठवलं, म्हणाले तुम्हीच आजारी पडाल. मी घरी आले आणि पहिल्याच सकाळी बंबात पाणी तापवलं, बादली घेतली आणि परड्यात गेले. आमच्या आताच्या न्हाणीमागं कढीपत्त्याचं झाड आहे. मुलाची वार तिथंच कडेला आहे, आत्याबाईंनी स्वतः पुरलेली. तिच्या शेजारची जागा रिकामी. मी तिथं एक सपाट दगड ठेवला आणि कढत पाणी ओतलं. हळू, तांब्या तांब्यानं, बाळंतिणीच्या अंगावर घालतात तसं.

रोज ओतायला लागले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आवो, झाडाला उकळतं पाणी घालता व्हय? मरंल की." कढीपत्त्याची पानं गळाली खरी. सुनेनं, माझ्या मुलाच्या बायकोनं, एकदा मागं उभं राहून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून बंब पेटवून ठेवला.

फोन यायचे. आज दूध पचलं. आज पेटीतून काढून आईच्या छातीवर ठेवली. आज पुन्हा पेटीत. ज्या दिवशी फोन उशिरा यायचा त्या दिवशी मी दुसरी बादली ओतायची. आणि पाणी ओतताना मला कधीच कळायचं नाही की मी कुणाला घालतेय. ह्या पोरीला का त्या पोरीला? का माझ्या अंगात जी काही राहून गेली असेल तिला? पाणी मातीत जायचं, वाफ निघायची, आणि खालून काहीच उत्तर यायचं नाही.

बाळ घरी आलं तेव्हा बाकीच्यांनी ओवाळलं, मी लांब उभी होते. नातसून फार वाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेले तर ती आधीच तिथं येऊन उभी, बाळ टॉवेलात गुंडाळून छातीशी.

"आजी, हितं काय पुरलेलं न्हाय ना?"

"न्हाय."

"तिकडनं ताईंचा फोन आलता. अजून काय कळलं न्हाय म्हणाल्या. वेळ लागंल. कळलं तर सांगत्याल."

"बरं."

"मग पाणी कुणाला घालता?"

मी तांब्या बादलीत सोडला.   तिनं बाळ माझ्या हातात दिलं, पातळ गुडघ्यापर्यंत सावरलं आणि त्या दगडावर बसली, पाठ माझ्याकडं करून.

"घाला," म्हणाली. "मला घाला."

बाळाचे पाय टॉवेलातून बाहेर आले होते. मी ते एका हातात धरले. गार होते, लहान बाळांचे असतात तेवढे. दुसऱ्या हातानं मी तांब्या भरला.